कोरडं ढेकूळ

कोलते गुरुजींनी नव्या घराच्या पायातलं ढेकूळ स्टीलच्या डब्यातून आणून दिलं होतं. "पहारीलाही दाद देत नाही, मॅडम. जमीन पक्की असल्याचा तुमचा शिक्क्याचा कागद फ्रेम करून बैठकीत लावायचाय."

गेले तीन दिवस नलिनी प्रयोगशाळेत त्या पिवळट मातीवर वजनं चढवत होती. घराएवढा भार झाला तरी माती किती दबली ते दाखवणाऱ्या डायलचा काटा जागचा हलला नाही. मग नियमाप्रमाणे तिने मातीभोवती वाटीभर पाणी ओतलं.

काटा सुटला. एक फेरा, दुसरा, तिसरा. वजन तेवढंच होतं, माती मात्र खचत चालली होती. वाऱ्याने आणून रचलेली माती ती. कोरडी होती तोवर कण एकमेकांना धरून होते, मधे सगळी पोकळी.

तिने फोन लावला. पलीकडे पाइपच्या धारेचा आवाज होता.

"गुरुजी, आधी पाणी बंद करा!"

"बंद कसं करू? प्लास्टर कच्चं राहील ना! दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाणी मारतोय, गवंड्यावर सोडलं नाही."

"ते पाणी खाली पायाच्या मातीत उतरतंय. घरात कोणी आहे का?"

"आमची ही आहे, फरशी पुसतेय. थांबा, हाक मारतेय." धार चालूच होती; तिच्यावरून त्यांनी "काय गं?" म्हणून ओरडून विचारलं. "काही नाही हो, दार उघडत नाही म्हणते. चौकट फुगली असेल ओलीनं. काल तर बोटानं उघडत होतं."