बरणीशेजारचा चहा

"कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण याच बरणीवर एक मांजर अख्खा हिवाळा झोपली होती," आबा म्हणाले. हातातल्या ट्रेमधले दोन कप त्यांनी लांब खिडकीत ठेवले आणि तिसरा पाहुणीसमोर, लोखंडी टेबलावर.

पाहुणी म्हणजे तपासनीस. प्रयोगशाळेची ही खोली चालू ठेवायची की बंद करायची, हे आज तिच्या सहीवर होतं. बंद करायचं हे ती जवळजवळ ठरवूनच आली होती. सुतार सकाळीच भिंतींची मापं घेऊन गेला होता. इथे जुन्या फायलींची कपाटं लागणार होती.

खोलीत बघण्यासारखं फार नव्हतं. टेबलावर पाण्याचा टब, टबात गळ्यापर्यंत बुडवलेली काचेची बरणी, बरणीत जड पाणी आणि पॅलॅडियमची एक तार. तारेतून जेवढी वीज सोडायची, तिच्यापेक्षा जास्त ऊब बाहेर आली, तर समजायचं की सूर्याच्या पोटात चालतं ते अणूंनी इथे, गार पाण्यात, गुपचूप सुरू केलंय. शीत-संमीलन म्हणायचे त्याला. ऊब मोजणारी हिरवी रेघ पडद्यावर वर्षानुवर्षं आडवी पडून होती.

खोली आबांनी सुरू केली, आता त्यांची सून ती चालवत होती. आबा निवृत्त होऊनही रोज यायचे. सूनबाई रोज "घरी बसा की" म्हणायची आणि रोज त्यांना खुर्ची पुढे करायची.

"मग मांजरीचं काय झालं?" पाहुणीने घड्याळाकडे बघत विचारलं.

"दुपार झाली की रेघ वर! रोज! आम्ही तर हवेत. बक्षीस घ्यायला जावं लागणार म्हणून मी सूटसुद्धा शिवायला टाकला. शिंप्याकडे माप देऊन येतो तर काय, महाराणी झाकणावर मुटकुळं करून घोरतायत. सगळी ऊब तिची!"

"म्हणजे बक्षीस मांजरीचं."

"ऐका तर खरं. मांजरीला हाकललं, तर रेघ आणखी वर! इतकी की आम्ही या टबात अंडी उकडून खाल्ली."

"आबा," सूनबाईने दटावलं.

"थोडी कच्ची राहिली होती. खोटं कशाला बोलू?"

पाहुणी हसू दाबत पडद्याकडे वळली, आणि वळलेलीच राहिली. रेघ उठत होती.

"बघा, बघा! तुमचा पायगुण!" आबांनी टाळी वाजवली.

सूनबाईची नजर एकदा टबाच्या कडेला गेली, एकदा आबांकडे. ती काही बोलणार, तेवढ्यात आबांना जोराचा खोकला आला.

पाहुणी उठली. टबाभोवती एक फेरी मारली. खिडकीत ऊन नव्हतं. भिंतीला हात लावून बघितला, भिंत गार होती. मग तिने टेबलावर पंजा टेकवला आणि हळूहळू टबाच्या दिशेने सरकवत नेला.

"इथे लोखंड तापलंय," ती म्हणाली. टबाला खेटून ठेवलेला कप तिने उचलला. "आजोबा, ही माझ्या चहाची ऊब आहे."

"अरेच्चा!" आबा म्हणाले.

रेघ उतरायला लागली. पाहुणीने पेन काढलं.

"लिहा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आमच्याकडे असंच होतं. ऊब येते, आणि मग ती दुसऱ्याच कोणाची तरी निघते. दिव्याची, उन्हाची, पलीकडच्या खोलीतल्या पंपाची. एकेक हुडकून बाहेर काढली. निव्वळ बरणीची अशी अजून एकदाही हाती लागलेली नाही."

"मग रोज कशाच्या जोरावर येता?"

"ऊब दुसऱ्याची निघावी, अशा जागा आता फार थोड्या उरल्यात."

रेघ उतरत गेली, आणि जिथे टेकायला हवी होती त्याच्या केसभर वर येऊन थांबली. पाहुणी उघडं पेन तसंच धरून उभी राहिली. रेघ हलेना. हातातला चहा निवला, तरी हलेना.

आबांनी तोंड उघडलं.

"थांबा हो आजोबा," पाहुणी म्हणाली. "या खोलीत आणखी काय गरम आहे?"

"आपण तिघं," सूनबाई म्हणाली.

पाहुणीने पेनाला टोपण लावलं. आपली खुर्ची उचलून पार दाराशी नेली आणि तिथे बसून पडद्याकडे बघत गार चहाचा एक घोट घेतला.

"कपाटं काय, जिन्याखालीसुद्धा मावतील," ती म्हणाली.

"मावतील की! न मावायला काय झालं?" आबांची खुर्ची तिच्या खुर्चीला येऊन भिडली. "त्या जिन्याखालीच तर मांजरीने नंतर पिल्लं घातली. कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्यातलं एक अगदी हिरवं—"

"मांजर राहू द्या, आजोबा. झाकणाच्या चहूबाजूंनी पाणी आहे, तिथे कुठली मांजर जाऊन झोपतेय?" पाहुणीची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "मला एवढंच सांगा, तुम्हा दोघांचे कप तिकडे खिडकीत, मग माझाच तेवढा टबाला खेटून कसा?"