अर्धी टाकी

घाटाच्या चौथ्या वळणावर शालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो, थांबवा. मी पुढच्या गावातून एसटीनं घरी जाते. तुम्ही फिरा तुमची खोली घेऊन."

बायकोला सगळा महाराष्ट्र दाखवायचा, म्हणून गुरुजींनी निवृत्तीनंतर छोट्या ट्रकवर राहण्याची खोली बसवली होती. दोर आवळले, टायरांत हवा भरली, तरी गाडी वळणावळणावर झुलत होती.

गाडी थांबली, तरी छतावरून पाणी डुचमळल्याचा आवाज येतच राहिला. कडेला करवंदं विकणारी म्हातारी हसली. "टाकी वर कशापायी चढवली?"

"घरी असते तशी. नळाला जोर नको का?"

"घर काय घाट चढतंय, दादा? अन् त्यात अर्धीच भरलीय. अर्धा हंडा डोईवर घेऊन चालून बघा, मान ठरत नाय. खाली घ्या, अन् काठोकाठ भरा."

गुरुजींनी टाकी उतरवून खोलीच्या तळाशी पक्की बांधली, झऱ्याच्या पाण्यानं तोंडापर्यंत भरली आणि धाकधुकीनं दोन वळणं पार केली. शालिनीबाईंनी काच खाली केली.

"जरा सावकाश घ्या. दरी बघू द्या की."

गुरुजींनी जागा पाहून गाडी माघारी वळवली. म्हातारीसमोर दोघंही उतरले. छत्तीस वर्षं रोज सकाळी वर्गानं म्हटलेलं गुरुजींनी आज हात जोडून, त्याच लांबवलेल्या सुरात म्हटलं, "एक साथ नमस्ते, बाई."