निवटीची पाठ

शिवदासने जिन्यातच चपला काढून हातात घेतल्या. बेल न वाजवता सुनेला मिस्ड कॉल दिला. हेमांगीने दार किलकिलं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," ती कुजबुजली. "बोलू नका, खोकू नका. सरळ आतल्या खोलीत जा."

हॉलमध्ये सोफा सरकवून केलेल्या जागेत लोखंडी पिंजरा होता आणि पिंजऱ्यात निवटी. आई पाचव्या मजल्यावरच्यांची कॉर्गी जातीची कुत्री, बाप बेव्हर्ली पार्कच्या रस्त्यावरचा कोणीतरी. आईकडून आखूड पाय आणि लांबलचक पाठ आली होती, बापाकडून काळं तोंड. पिल्लू असताना ती पहिल्यांदा फरशीला पोट घासत समोर आली, तेव्हा शिवदास म्हणाला होता, "ही तर खाडीच्या चिखलातली निवटी हाय!" चिखलावर सरपटणाऱ्या त्या माशाचंच नाव तिला राहिलं.

तो उत्तनच्या मासळी बंदरावरून परतला की ती त्याच्या टाचांना नाक लावून, हलकेच दात लावून त्याला सोफ्यापर्यंत हाकत न्यायची. तो टेकला की उडी मारून मांडीवर. गेल्या आठवड्यात ती उडी अर्ध्यातच मोडली. मणक्यातली चकती सरकली होती. लांब पाठीच्या कुत्र्यांना हे व्हायचंच, डॉक्टर म्हणाले. दीड महिना पिंजरा. उठायचं नाही, उडी तर नाहीच नाही. आणखी एक हिसका बसला तर मागचे पाय कायमचे जातील.

गोळ्या वेळेवर देता येत होत्या. पण शिवदास घरी आला की होणाऱ्या आनंदावर डॉक्टरांकडे गोळी नव्हती. काल तर लिफ्टचं दार वाजल्याबरोबर ती पिंजऱ्यात उभी राहिली होती.

म्हणून आज त्याने उत्तनला रंभाकडे, म्हणजे बहिणीकडे, साबण लावून आंघोळ केली होती. मासळीची पिशवीही तिथेच सोडून आला होता. श्वास रोखून, भिंतीला चिकटून तो हॉल ओलांडू लागला.

निवटीचं नाक हललं. डोळे उघडायच्या आधीच शेपटी पिंजऱ्याच्या तळावर आपटू लागली. मग पुढचे पाय ताठ झाले, धड वर आलं, मागचे पाय लटपटत त्याच्यामागे. ती गजांवर चढायला बघू लागली.

"बाबा, पटकन आत जा!"

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. दार लागलेलं पाहून ती जास्तच पेटली. पिंजरा खडखडत राहिला. हेमांगीने वर चादर टाकली, बिस्किट दाखवलं, गजांतून हात घालून तिला दाबून धरायला पाहिलं.

"बाबा, काहीतरी करा हो! ही थांबतच नाहीये."

शिवदास बाहेर आला. जवळ जावं तर ती उडी मारणार, लांब राहावं तर गजांवर आपटत राहणार. तो मधेच उभा राहिला. आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. भर दर्यात वारा फिरल्यावर खलाशांवर टाकायचा तो. या घरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता.

"ए! गप बस! मराचा हाय का तुला?"

निवटी थिजली. कान मागे गेले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं, जणू खरा शिवदास तिकडून येणार होता. मग हळूहळू खाली बसली.

हेमांगीने श्वास सोडला. "बसली बाई एकदाची. बाबा, आता रोज असंच बोलत जा तिच्याशी."

"घाबरते गं ती."

"घाबरू दे. पुढे स्वतःच्या पायांवर चालेल तरी."

शिवदास रोज संध्याकाळी दारातूनच ओरडू लागला. ओरडून झालं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बसायचा. निवटी आधी उठायची, मग अर्धीच उठायची, मग नुसती मान वर करायची. "सुधारतेय," हेमांगी नवऱ्याला, प्रणयला, फोनवर सांगायची.

रविवारी शिवदास आला तो ओरडायच्या तयारीनेच. गरज पडली नाही. निवटी भिंतीकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून पडली होती. एक कान त्याच्या दिशेला वळला. तेवढंच.

"दुपारपासून अशीच आहे, शहाण्यासारखी," हेमांगी हसून म्हणाली. "तुमचं ऐकायला लागली बघा. उद्या डॉक्टरपण खूश होतील."

शिवदास फरशीवर बसला, पिंजऱ्यापासून लांब. निवटीचे मागचे पाय एकावर एक पडले होते, कोणीतरी उचलून ठेवल्यासारखे. शेपटीही त्यांच्याच बाजूला पडलेली.

"मघापासून उठलीच न्हाय ती?"

"कशाला उठेल? उठू नये म्हणूनच तर चाललंय ना सगळं?"

हेमांगी स्वयंपाकघरात गेली. शिवदास त्या पायांकडे बघत राहिला. ती उठत नव्हती, की तिला उठता येत नव्हतं? एक हाक मारली असती, पूर्वीसारखी, लाडाची, तर आत्ताच्या आत्ता कळलं असतं.

त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.