लाकडाचा गॅस

साल शहाऐंशी. आमचे हे सिल्वासाच्या एका संशोधन केंद्रात लाकडापासून गॅस काढायचे. जवळच्या अथाल गावच्या बायकांना गोळा करून त्यांनी पत्र्याची नवी शेगडी दाखवली. "यात काटक्या टाकल्या की त्यांचाच गॅस होतो. उद्या सिलिंडरला कुणी विचारणार नाही," असं ठासून सांगितलं आणि त्यातल्या केसरबाईला एक शेगडी देऊन तिची मातीची चूल तिच्याच हाताने फोडायला लावली.

मी म्हटलं, "अहो, मग एक आपल्याकडेही आणा. मी अजून रॉकेलच्या स्टोव्हला पिना मारत बसते."

"घरात नको," हे म्हणाले, "धूर फार होतो."

केसरबाईच्या शेगडीला पावसाळ्यातच गंजून भोक पडलं. बिचारी अंगणात तीन दगडांवर भात शिजवायला लागली.

दिवाळीनंतर दिल्लीचे मोठे साहेब पाहणीला आले. केंद्रातल्या नव्याकोऱ्या शेगडीची निळी ज्योत बघून खूश झाले, संध्याकाळी आमच्या घरी चहाला आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तेव्हा ते ह्यांना म्हणत होते, "गर्गे, देशाच्या इंधनाचा प्रश्न सोडवलात तुम्ही. बोला, तुमच्यासाठी काय करू?"

मला वाटलं, आता तरी हे केसरबाईसाठी धड शेगडी मागतील.



हे खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "साहेब, चार वर्षं झाली, आमचा गॅसचा नंबर लागत नाहीये. तेवढं एक सिलिंडर मिळवून द्या."