एकच पंखा

मिलिंदनं प्रोसेसरवरचा छाप वाचून, वेगाला कुलूप नसलेला, म्हणजे वेग हवा तसा वाढवता येणाराच सांगलीहून निवडून आणला होता. आज वेग वाढवला, तसा संगणक तापून अडकू लागला. संध्याकाळपर्यंत सोसायटीची सभासदयादी तयार करून दिली तरच पुढचं काम मिळणार होतं. त्यानं संगणकाची पेटी उघडून घरातला एकुलता पंखा तिच्यासमोर लावला.

बायकोनं, मायानं, बाळाचा पाळणा ओढत तिथंच आणला.

"अगं, इथं कुठं?"

"पंखा तिथं बाळ."

बाळाच्या मानेवर घामोळं उठलं होतं. मिलिंदनं वेग उतरवला आणि पंखा पाळण्याकडं वळवला. "यादी आज हुत न्हाई आता."

बाळाचा डोळा लागला. माया खोक्याचा पुठ्ठा घेऊन उघड्या संगणकापाशी बसली, वारा घालू लागली.

"वाढवा वेग. हात भरून आला की सांगते."