जावईबापूंची आडवी उडी

"हरलो तर तुझ्या माहेरच्या सगळ्यांची ताटं मी घासीन!" धोंड्याच्या जेवणाला आलेले आमचे नवे जावईबापू विहिरीच्या काठावर गरजले. "मी धावत येऊन सरळ आडवा सुटणार. लांब जाणार म्हणजे हवेत जास्त वेळ राहणार. तू काठावरून नुसती खाली सुट, आधी तूच पाण्यात!"

त्यांची बायको, म्हणजे माझी पुतणी कलावती, शाळेत विज्ञान शिकवते. तिनं पदर खोचला.

जावईबापू असे धावले, की त्या वाऱ्यानं गोठ्यातल्या म्हशींच्या माना वळल्या. ते काठावरून सुटले त्याच क्षणी ती सरळ खाली सुटली. ती कडेशी पडली, ते पार पलीकडे. पण आवाज एकच आला, धप्पकन! सासऱ्यांनी दिलेलं नवं धोतर मात्र अजून वर हवेतच तरंगत होतं.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जावईबापू लाजेनं गळ्यापर्यंत बुडाले.

"अगं, कुणाला तरी टॉवेल टाकायला सांग!"

"अहो, आधी सांगा, दोघं एकदम कसे पडलो?"

"आडवी धाव नुसती पुढं नेते," ते खालच्या मानेनं पुटपुटले. "खाली ओढताना पृथ्वी कोण कुणाचा जावई ते बघत नाही."