भावजयीची ओटी

“कठडा धर, वहिनी,” ज्योती म्हणाली.

सुरेखानं तो धरलाच होता. एक हात कठड्यावर, दुसरा पोटावर. नगरच्या त्या मोठ्या हॉलच्या पायऱ्या ती डोक्यावर भरली घागर असल्यासारखी चढत होती.

“म्या काय बोलू तितं? मला न्हाई जमायचं, वन्सं.”

“जे झालं तेवढंच बोल. जादा काही नको.”

सुरेखा ज्योतीच्या भावाची, बिभीषणची बायको. दोघं नवरा-बायको दरसाल पारनेरचा माळ सोडून उसाला जायचे. ज्योतीही त्याच पाचटात वाढलेली. शिकली, पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर झाली, पण पाच वर्षांत डबा खायला तिला शेजार मिळाला नव्हता. ऊसतोड्याची लेक म्हटल्यावर सगळ्या कौतुकानं बघायच्या आणि परत आपापल्या गप्पांत शिरायच्या. संगणकातल्या बायकांच्या या संमेलनातही मागल्या वर्षी ती चहाचा कप घेऊन भिंतीशी उभी होती.

यंदा अध्यक्ष मनवाताईंनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती. साखर कारखान्यांचं संगणकाचं काम त्यांच्याच कंपनीकडं होतं. त्यांनी आज होकार दिला, की ज्योतीचं ॲप दसऱ्यापासून साऱ्या कारखान्यांच्या टोळ्यांत जाणार होतं.

ॲप साधं होतं. फडात बाईचे चार दिवस आले, कंबर तुटायला लागली, तरी मुकादमापुढं तोंड उघडायची सोय नाही. बसली तर खाडा, आणि खाड्याला दंड. ज्योतीच्या आईनं, कडूबाईनं, तसल्या दिवसांत डोईवर मोळ्या वाहिल्या होत्या. म्हणून ज्योतीनं ठरवलं, बाईनं बोलायचंच नाही. मोबाईलवर एक लाल टिपका ठेवायचा. तो मुकादमाच्या मोबाईलवर उमटायचा, आणि त्या दिवशी त्या बाईच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही. छगन मुकादम कुरकुरत का होईना, कबूल झाला होता.

गेल्या हंगामात काष्टीकडच्या फडांत सुरेखाच्या टोळीनं ते पहिल्यांदा वापरलं. टोळी गावी परतली तरी बाया टिपके ठेवत होत्या. ज्योतीनं त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या धाडल्या. आणि पावसाळ्यात एकेकीचा टिपका विझत गेला. गोळ्या लागू पडल्या होत्या.

हॉलमध्ये पडद्यावर टिपक्यांची ती उतरती रेघ आली, तेव्हा पोरी कौतुकानं कुजबुजल्या. मनवाताईंनी सुरेखाला माईकपाशी बोलावलं.

“सुरेखाताई, या ॲपनं काय बदललं?”

सुरेखानं पदर सारखा केला. एसी चालू असूनही तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

“आता दुखत न्हाई,” ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या.

“आणि मुकादम? तो त्रास देतो?”

“न्हाई. औंदा त्यानं समद्यात आदी आमचाच कोयता धरला.”

“म्हणजे नवरा-बायकोची जोडी कामाला घेतली,” ज्योतीनं समजावलं. पुन्हा टाळ्या. दोघींना शाल-श्रीफळ मिळालं. ज्योतीचे डोळे भरून आले.

जेवणाच्या सुट्टीत सुरेखानं पाण्याचा जग उचलला नाही. नुसता आपल्याकडं ओढला.

“डाक्तरानं जड उचलू नगं म्हनलंय,” ती पुटपुटली.

ज्योतीचा घास हातातच राहिला. टिपक्यांमागची नावं आपण बघायची नाहीत, असा नियम तिनंच केला होता. पण घरच्या माणसाचं कसलं आलंय गुपित? सुरेखाचा टिपका दोन महिने उमटला नव्हता, ते तिनं बघितलं होतं. एका मुलीवर पाच वर्षं झाली होती. आई देवाला साकडं घालून थकली होती.

“दवाखान्यात जाऊन आलीस, आणि मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं, वन्सं.” सुरेखानं मान खाली घातली. कान लाल झाले.

“लबाड गं लबाड,” ज्योती म्हणाली आणि मनवाताईंच्या कानाला लागली.

मग काय, बायकाच त्या. गळ्यात ओळखपत्रं, अंगात कोट, पण ओटीचं नाव निघाल्यावर साऱ्या उठल्या. कुणी दीपप्रज्वलनाच्या ताटातलं हळदकुंकू आणलं, कुणी त्यातलेच मूठभर तांदूळ. नारळ सत्काराचा होताच.

“नगं, वन्सं. मला नगं. पाया पडते.”

“लाजतेय,” कुणीतरी म्हणालं.

“आमच्याकडं तिसरा लागेपर्यंत बोलत नाहीत. दृष्ट लागते,” ज्योती म्हणाली आणि तिनं सुरेखाला हलकेच खुर्चीत बसवलं. नारळ पदरात घालताना आईची ओवी आपसूक ओठांवर आली. या बायकांपुढं ती पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं गात होती.

“दारीच्या वेलावरी काल नव्हती, आज कळी
माझ्या गं भावजयी, सैल कर तुझी चोळी”

सुरेखा रडायला लागली. चौघीजणी पुढं झाल्या, तिला जवळ घेतलं. एकीनं ज्योतीच्याही खांद्यावर हात टाकला, आणि तो काढला नाही.

“आता तू आमची,” मनवाताई म्हणाल्या. “आणि ऐक, दसऱ्यापासून तुझं ॲप सगळ्या टोळ्यांत. एकही मुकादम सुटायचा नाही.”

बाहेर पडताना ज्योतीचे पाय जमिनीला लागत नव्हते. पायऱ्यांवर सुरेखा थांबली. पदरातला नारळ तिनं ज्योतीच्या हातात दिला.

“ह्यो दुसऱ्या कुनाच्या ओटीत घाला, वन्सं.”

“का गं?”

“म्या गर्भाची पिशवी काढलीया. टोळीतल्या समद्या बायांनीच काढली. छगन मुकादम मोबाईल दावून म्हनला, जिचा टिपका दिसंल, तिचा कोयता न्हाई.”